ओव्हरफ्लोखालची खुर्ची

नाना गेल्याची बातमी आली तेव्हा मी फळ्यावर चौकोन काढत होतो. घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात नव्यानं भरती झालेल्या पोरांना यंत्रणा म्हणजे काय हे शिकवणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. पहिल्या दिवशी तीन चौकोन काढायचे. आत काय जातं, आत गेल्यावर त्याचं काय होतं, बाहेर काय येतं. मग शेवटच्या चौकोनातून निघून पहिल्याकडे परत फिरणारा एक बाण. हा बाण मी जरा नाटकीपणानं काढतो, खडू कर्रकन वाजवत, आणि गर्रकन वळून म्हणतो, "हा बाण नसेल तर यंत्रणा आंधळी. आपण काय करून ठेवलंय ते तिला कळतच नाही!" त्या दिवशी बाण अर्ध्यावर असतानाच फोन थरथरला. बायकोचा, मंगलचा. "नाना गेले," ती म्हणाली. आणि त्याच श्वासात, "आणि अहो, तिकडं पाणी नाहीये."

नाना माझा साडू. मंगलची थोरली बहीण सुमनअक्का, तिचा नवरा. तोंडावर मी त्याला कायम अहो-जाहो करत आलो, मनात एकदाही केलं नाही. आता तो ऐकायला नाही, तेव्हा मनातल्यासारखंच लिहितो. माण गावात त्याची शेती होती. शेतीच्या जागी काचेच्या इमारती आल्या, आणि जो तुकडा उरला त्यावर नानानं एकावर एक मजले चढवून आयटीतल्या पोरांना खोल्या भाड्यानं दिल्या. या इमारतीचं पाणी नाना एकटा चालवायचा. मोटार कधी लावायची, कुठला कॉक किती फिरवायचा हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस आता बाहेरच्या खोलीत चटईवर आडवा होता. सकाळपासून जमलेल्या मंडळींनी हातपाय धुतले, चहा झाला, भांडी झाली, नळ उघडे राहिले, कुणी कुणावर ओरडलं नाही, आणि वरची टाकी कोरडी ठणठणीत पडली. मोटार लावली तर ती रिकामी घुमायला लागली. ज्याच्या घरात पाण्यावाचून दुसरा विषय नव्हता, त्याला शेवटची आंघोळ घालायला पाणी नाही! साडूच्या मरणावर हसू नये, एवढं मला कळतं. मी माणला पोचल्यावर हसलो नाही. गाडीत मी एकटा होतो, तिथलं सांगत नाही.

शेवटी जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचललं, दोर लावून बादल्या शेंदल्या, आणि भाडेकरू पोरांनी जिन्याजवळून अंगणापर्यंत रांग लावून त्या हातोहात पुढे दिल्या. लातूरचा एक श्रीकांत म्हणून पोरगा आहे, दुसऱ्या मजल्यावर राहतो. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच, आणि हातात बादली. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, फर्स्ट टाइम या बिल्डिंगमध्ये कुणी 'पानी बंद' म्हणून ओरडलं नाही, आणि फर्स्ट टाइमच पाणी संपलं." मी त्याच्याकडे बघितलं. पोरगं काहीतरी शहाणपणाचं बोललं होतं, पण मी त्या वेळी नानाला नावं ठेवण्यात गुंतलो होतो.

नावं ठेवण्याची सुरुवात माझ्या लग्नात झाली. नाना तेव्हा तरणाबांड, डोक्यावर फेटा, पंगतीत वाढपी असल्यासारखा फिरत होता आणि वाढत काहीच नव्हता. माझ्यासमोर थांबून म्हणाला, "काय करता पाव्हणं?"

"कारखान्यात शिकवतो. यंत्रं कशी चालतात ते."

"चालवत न्हाई?"

"नाही. शिकवतो."

"म्हंजी पवायला शिकवायचं, आन काठावरनं!" हे वाक्य त्यानं मला नाही, पंगतीला ऐकवलं. पंगत हसली. मी हातातली जिलेबी ताटात ठेवली. त्या दिवसापासून मी त्याला तुच्छ मानलं आणि त्यानं मला, आणि हे नातं आम्ही दोघांनी शेवटपर्यंत मोठ्या निगुतीनं सांभाळलं. एकही सण चुकू दिला नाही.

नानाचं सगळं तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावायचं. "चालतंय न्हवं?" बस्स. एखादी वस्तू बिघडली की तो ती दुरुस्त करायचा नाही, तिच्या बिघाडाभोवती घर बांधायचा. दार घासायला लागलं तर दार तासायचं नाही, उंबऱ्यापुढची फरशी फोडायची. इमारतीत तळमजल्यावर कुणी नळ सोडला की तिसऱ्या मजल्यावर डोक्याला साबण लावून उभ्या असलेल्या पोराचा शॉवर बंद पडायचा. मी त्याला खडूनं भिंतीवर काढून दाखवलं. "नाना, सगळ्यांना एकच पाइप आहे. खाली उघडलं की वरचा दाब जातो. इथं कुठलाच नळ एकटा नाही. एकाला हात लावला की बाकीच्यांना लागतो. पाइप वेगळे करा." त्यानं मान वाकडी करून चित्र पाहिलं. मग अंगणात उतरून गर्जला, "ए खालचे! वरची आंगुळीला बसल्यात, थांबा जरा!" आणि खरंच खालचे थांबले. माझ्याकडे वळून म्हणाला, "साडूभाऊ, मानसं बी येकमेकांला जोडल्यात की. सांगितलं की ऐकत्यात." मी म्हटलं, "आणि सांगणारा नसेल तेव्हा?" "मी कुटं चाललोय?" म्हणाला. या प्रश्नाला उत्तर देणं तेव्हा असभ्यपणाचं झालं असतं.

अंगणात भिंतीला टेकून त्याची प्लास्टिकची खुर्ची असायची. एक हात मोडलेला, तारेनं बांधलेला. खुर्चीच्या बाजूला भिंतीवर मोटारीचं बटण, आणि समोर गोठ्याच्या छपराचा पत्रा. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप नेमका त्या पत्र्यावर सोडलेला. टाकी भरली की पाणी धो धो पत्र्यावर आदळायचं, गल्लीत लग्नाचा ताशा लागल्यासारखा आवाज व्हायचा, स्वयंपाकघरातून अक्का ओरडायची, "अवो, बंद करा!", आणि नाना वर्तमानपत्रातून मान न काढता हात लांब करून बटण दाबायचा. हे दिवसातून होईल तितक्या वेळा. मी म्हणायचो, "नाना, पाण्यावर तरंगणारा एक फुगा मिळतो. फ्लोट. टाकी भरली की तोच मोटार बंद करतो." तो म्हणायचा, "मग मी काय करू?" मला वाटायचं हा विनोद करतोय.

एकदा मात्र त्यानं मला धरलं, तेही सांगून टाकतो, नाहीतर मंगल हा लेख पुढे जाऊ देणार नाही. नाना-अक्का आमच्या भूगावच्या फ्लॅटवर जेवायला आले होते. आमच्याकडे सगळं आपोआप चालतं, हे मी वरणापासून श्रीखंडापर्यंत ऐकवलं. आणि हात धुवायला उठलो तर नळ कोरडा. खाली गेलो तर बारा मजल्यांची सुशिक्षित जनता बादल्या घेऊन उभी. टाकी रिकामी, पण टाकीतला सेन्सर 'भरली आहे' असं ठामपणे सांगत होता, म्हणून मोटार सुरू होत नव्हती. वॉचमन म्हणाला, "साहब, कंपनीवाले को फोन किया है." वरण लागलेला हात हवेत धरून नाना पार्किंगमध्ये बसकण मारून हसला. "यवढा मोठा टावर! आन पानी हाय का न्हाई ते येक डबडं ठरवतंय! आरं, वर जाऊन डोकावा की येकदा!" कुणीही गेलं नाही. गच्चीची किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. हा प्रसंग पुढे त्यानं माणमध्ये इतक्यांना सांगितला की अनोळखी माणसं मला 'डबडं कसं हाय?' असं विचारू लागली.

दशक्रियेला नदीच्या घाटावर भाषणं झाली. आमच्याकडची ही पद्धतच आहे, पिंड मांडलेले असतात आणि माइक चालू असतो. एक पुढारी म्हणाले, "असा माणूस पुन्हा होणे नाही." मी मनात म्हटलं, होऊच नये. भाषणं संपली आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळे होते, भरपूर होते. पिंडाजवळ यायचे, मान वाकडी करायचे आणि निघून जायचे. नानाचीच सवय! मग सुरू झालं. एकेक जण पुढे होऊन हात जोडून मेलेल्याला शब्द देऊ लागला. लेक म्हणाली, "आईला मी सांभाळीन." कावळा ढिम्म. पुतण्या म्हणाला, "बांधाचं भांडण मिटवतो." कावळा उडून दुसऱ्या फांदीवर. ऊन चढलं. तेवढ्यात मागून कुणीतरी वैतागून ओरडलं, "आरं, मोटार चालू करतो म्हना! त्याचा जीव तितंच हाय!"

आणि साऱ्या घाटानं वळून माझ्याकडे पाहिलं.

काय करणार? मी पुढे झालो, चपला काढल्या, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "नाना, मोटारीचं मी बघतो." शब्द संपतो न संपतो तोच कावळ्यानं झेप टाकून पिंडात चोच मारली. मी विज्ञान मानतो. कावळ्याला भूक लागली होती, एवढंच मी त्यावर म्हणेन. पण गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "आता फिरू नका बरं पाव्हणं," आणि शब्द पक्का झाला.

अक्कानं त्याच दिवशी मला बाजूला घेतलं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "दाजी, खरं सांगते. लेक म्हनती, इमारत बिल्डरला दे आन माझ्याकडं चल. पोरं बी धा दिस बादल्या वढून कट्टाळली, कालपासून खोल्या हुडकाय लागल्यात, पान्याबिगर कोन ऱ्हाईल? पानी चालू झालं तर मी हितं ऱ्हाईन. न्हाई झालं तर मला जावं लागंल. तितं सातव्या मजल्यावर काय करू मी? म्हस कुटं नेऊ?" एवढं बोलून ती गोठ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अक्का, दोन दिवसांची गोष्ट." आणि खोटं कशाला बोलू, मनातून मला उकळ्या फुटत होत्या. शत्रूचं राज्य बिनराजाचं पडलं होतं, आणि मी पान्हे घेऊन आत शिरणार होतो.

आत जे दिसलं त्यानं माझी सगळी तुच्छता सार्थकी लागली. मोटारीच्या पोटात आधी पाणी भरलेलं लागतं, रिकाम्या पोटी ती पाणी ओढत नाही. म्हणून खालच्या टाकीत सोडलेल्या पाइपच्या बुडाशी एक झडप असते, फुटव्हॉल्व्ह, जी पाणी परत खाली पळू देत नाही. नानाची ही झडप केव्हाचीच गेलेली. साधी बदलायची गोष्ट! पण नाही. या गृहस्थानं वरच्या टाकीतून एक बारीक पाइप खाली आणून मोटारीला जोडला होता. मोटार लावण्याआधी त्याचा कॉक सोडायचा, वरचं पाणी मोटारीच्या पोटात उतरायचं, मग बटण दाबायचं. म्हणजे वर पाणी चढवायला आधी वर पाणी पाहिजे! म्हणून तो दिवसभर 'पानी बंद'चा घोष करायचा. टाकीच्या तळाचं शेवटचं वीतभर पाणी म्हणजे पुढच्या टाकीचं बियाणं होतं. पोरं त्याला कंजूष म्हणायची. आणि याला स्वतःला तरी कारण माहीत असेल का? अजिबात नाही. अक्काला विचारलं तर म्हणाली, "येकदा तसं केलं तवा चालू झाली, मग तसंच करायचे. लई न्हाई इचार करायचे."

मी झडप बदलली. खालच्या पाइपच्या सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, तिथून मोटार पाण्याबरोबर हवाही ओढायची आणि धापा टाकायची. तो पाइपही नवा घातला. बारीक पाइप कापून फेकला. बटण दाबलं आणि मोटार वाघासारखी डरकाळली. टाकी बघता बघता अर्धी झाली. श्रीकांतसकट सारी पोरं गच्चीवर जमली, मी चौकोन आणि बाण समजावून सांगितले, टाळ्या घेतल्या. "काका, एकदम प्रो!" वगैरे झालं. भरली की पत्रा वाजेलच, म्हणून मोटार चालू ठेवली. सावकाश जेवून अंगणात आलो तर जळका वास. मोटारीतून धूर.

मी तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि हळूहळू उजेड पडला. बोअरमधून खालच्या टाकीत पाणी यायचं ते करंगळीएवढ्या धारेनं. नानाच्या राज्यात हीच मोटार धापा टाकत तेवढंच वर न्यायची. मी ताजीतवानी केलेली मोटार मात्र खालची टाकी घटाघटा पिऊन बसली, पाणी संपलं तरी कोरडीच फिरत राहिली आणि जळाली. नानाच्या एका चुकीनं दुसरीला खांदा दिला होता. मी एकीला सरळ केलं आणि दुसरी कोसळली. कुठलाच नळ एकटा नाही, हे वाक्य माझंच ना? भिंतीवर माझ्याच खडूनं काढलेलं चित्र अजून होतं. नानानं पुसलं नव्हतं, त्यावर म्हशीच्या दाव्यासाठी खिळा ठोकला होता.

जळालेली मोटार आत नव्या तारा गुंडाळून, भरून आणली. या वेळी वर एक फ्लोट आणि खाली एक. वर भरलं की बंद, खाली संपत आलं की बंद. कुणी बघायला नको, ओरडायला नको. सगळं चोख चालू झालं. पोरांनी खोल्या शोधणं थांबवलं. श्रीकांतनं अक्काला सांगून टाकलं, "काकू, आम्ही कुठं जात नाही." लेकीनंही बिल्डरचं नाव काढायचं सोडलं, निदान सध्यापुरतं. जिंकलो की नाही मी? तर दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन.

"दाजी, समदं चाललंय. फकस्त म्हस वरडतीया."

गेलो. पत्र्यावरून ओघळणारं पाणी गोठ्यातल्या डोणीत जायचं आणि म्हैस त्यावर जगायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ज्याला नासाडी म्हणत आलो ते तिचं पिणं होतं. डोणीला वेगळा नळ दिला. म्हशीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी लग्नाच्या पंगतीत पाहिली होती. निघताना अक्का दारात आली. "झालं ना आता सगळं?" मी विचारलं.

"व्हय, झालं की." तिनं वर बघितलं. "पत्रा वाजत न्हाई... लई गप गप झालंय घर."

मी पान्हे पिशवीत भरले आणि निघालो.

तेव्हापासून मी रविवारी माणला जातो. फ्लोट तपासायला, असं मंगलला सांगतो. फ्लोट दर आठवड्याला तपासायचा नसतो हे मीच पोरांना शिकवतो, ते सोडा. मागच्या रविवारी अंगणात बसलो होतो. त्याच खुर्चीत, दुसरी नव्हतीच. अक्का आत भाकरी थापत होती, थापांचा आवाज येत होता. मी पेपर उघडला होता. आणि एकाएकी डोक्यावर आभाळ फुटल्यासारखं पाणी पत्र्यावर आदळायला लागलं. वरचा फ्लोट कुठंतरी अडकला होता. माझा महागडा, आपोआप चालणारा, कंपनीची हमी असलेला फ्लोट! म्हैस उठून उभी राहिली. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पोरं आली. आणि आतून, भाकरीच्या थापा न थांबवता, नेहमीच्या वैतागलेल्या आवाजात अक्का ओरडली,

"अवो, बंद करा!"

मी पेपरातून मान न काढता हात लांब केला आणि बटण दाबलं.

पाणी थांबलं. पत्र्यावरून शेवटचे थेंब डोणीत पडत राहिले... भाकरीचा आवाज मात्र बंद झाला होता. मग अक्का पदरानं हात पुसत दारात आली, माझ्याकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं. म्हणाली, "दाजी, च्या टाकू का?" मी म्हटलं, "टाका." ती आत गेली, आधण ठेवलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

तो फ्लोट मी अजून सोडवलेला नाही. पुढच्या रविवारी बघू. खालचा चालू आहे, मोटार जळणार नाही, आणि बाकीचे दिवस अक्का स्वतःच बटण दाबते, पत्रा वाजला की. कारखान्यात फळ्यावर बाण काढताना खडू आता पूर्वीसारखा वाजत नाही, असं एक पोरगं म्हणालं. त्याला मी बाहेर काढलं. आणि नाना, तुम्ही कुठल्या फांदीवर मान वाकडी करून बसला असाल तर ऐका. खुर्चीत मी बसलो म्हणून मिशीला पीळ देऊ नका. फुटव्हॉल्व्ह खराबच होता.